करड्या रंगाचा हंगाम

पितृपक्ष सरत आला, की आमच्या सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या घरातली हवा बदलते. भिंतींचा दमटपणा मागं हटतो, फुगलेली कपाटाची दारं पुन्हा नीट लागायला लागतात, डब्यातला पापड हातात घेतल्यावर वाकत नाही. मग एखाद्या सकाळी आमचे हे बाहेरच्या खोलीतल्या कोपऱ्यात जातात, छपाईचा एक कागद काढून त्याला टिचकी मारतात आणि कान देऊन ऐकतात. पावसाळाभर कागद मुका असतो. सर्दलेला कागद वाजत नाही. तो खणखणीत वाजला, की प्रिंटरवर पांघरलेली माझी जुनी साडी निघते. लोकांच्या घरी आंब्याचा हंगाम असतो, लग्नाचा असतो, परीक्षांचा असतो. आमच्या घरी छपाईचा हंगाम असतो आणि तो दिवाळीपर्यंत चालतो.

आज सकाळी ती साडी निघाली. ओट्यावर शाईच्या बाटल्या रांगेनं उभ्या राहिल्या आणि हे एकेक बाटली कानाशी धरून हलवायला लागले. तळाला बसलेला काळा गाळ वर यायला वेळ लागतो. मी शेजारी पोळ्या लाटत होते. बाटलीचा तो डुबुक डुबुक आवाज ऐकला आणि मला एकदम ते वर्ष आठवलं, ज्या वर्षी मी पितृपक्षापासून दसऱ्यापर्यंत हळूहळू निळी पडत गेले होते.

मी म्हणजे माझा फोटो. पण घरातल्या भिंतीवर, फ्रिजवर, जेवणाच्या टेबलावर आपलाच चेहरा रोज थोडा निळा होताना दिसला, की मी आणि फोटो असा फरक राहत नाही.

मी इथल्या मराठी शाळेत चित्रकला शिकवते. माहेर कुडाळकडचं. हे शहाद्याकडचे. सिल्वासाला आलो ते "दोन वर्षं काढू, मग बघू" असं म्हणून, आणि ते बघायचं राहूनच गेलं. हे खडोलीला धागा रंगवणाऱ्या एका कारखान्यात शेड, म्हणजे रंगाची छटा, बघतात. गिऱ्हाईकानं पाठवलेला नमुना आणि कारखान्यात रंगून आलेला धागा शेजारी शेजारी ठेवायचा आणि रंग तोच आहे की नाही ते सांगायचं. त्यासाठी एक समोरून उघडी पेटी असते. बटन दाबलं की तिच्यात कधी दिवसासारखा उजेड पडतो, कधी दुकानातल्या ट्यूबचा, कधी घरातल्या पिवळ्या बल्बचा. तिन्ही उजेडांत जोडी जमली, तर हे म्हणतात, "पास." नाहीतर नुसती मान हलवतात. काम एवढंच, पण त्या एका शब्दावर ट्रक निघतात किंवा थांबतात.

साहजिकच घरात रंगाच्या बाबतीत शेवटचा शब्द यांचा. आमलीच्या बाजारात साडी घ्यायची, तर हे ती दुकानाच्या दारापर्यंत नेऊन उन्हात बघणार, पुन्हा आत आणून ट्यूबखाली बघणार. दुकानदार आता ओळखायला लागलेत, लांबूनच म्हणतात, "आवो भामरेभाई, धूप में ही बैठो." सकाळचा चहासुद्धा कपात ओतल्यावर आधी डोळ्यानं तपासला जातो. "पास" आलं की मी पुढच्या कामाला लागते. माझी धाकटी बहीण विचारते, "भावोजी तुला बघायला आले तेव्हा तुला पण उन्हात नेलं होतं काय गो?" मी म्हणते, नाही नेलं, तिथंच फसले. आणि मी? मी चित्रकलेची बाई. वर्गात चाळीस पोरांना रंग सांगते आणि घरी आल्यावर पडद्याचा हिरवा कुठला ते नवऱ्याला विचारते. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

यांना कृष्णधवल फोटो छापायचा नाद कसा लागला, ते मात्र त्या नोकरीमुळंच. दिवसभर शेकडो रंग बघणाऱ्या माणसाला घरी आल्यावर रंगच नको असतात. ते म्हणायचे, "करडा जमला त्याला सगळं जमलं. लाल कोणीपण ओळखतो."

खरंच, करडा फार लबाड रंग आहे. वर्गात पोरांना काळा आणि पांढरा मिसळून करडा करायला सांगितलं, तर चाळीस वाट्यांत चाळीस तऱ्हा दिसतात. कुणाचा जांभळ्याकडं झुकतो, कुणाचा हिरव्याकडं, कुणाचा चिखलाकडं. कुठंच न झुकणारा करडा क्वचित एखाद्या वाटीत सापडतो, तोही बहुतेक चुकून. साध्या प्रिंटरचंही तसंच. तो करडा करण्यासाठी आपल्याकडचे गुलाबी, निळे, पिवळे थेंब मिसळतो. फोटो ट्यूबखाली बरा दिसतो, उन्हात नेला की चेहरा हिरवट, बल्बखाली आणला की गुलाबी. हे असल्या प्रिंटकडं बघून कपाळावर आठ्या घालायचे.

मग यांनी एक जुना प्रिंटर घेतला, त्याच्यातल्या सगळ्या रंगीत शाया काढून टाकल्या आणि स्वतःच्या भरल्या. शुद्ध कार्बनची काळी शाई घ्यायची, एका बिनरंगी पाण्यासारख्या द्रावणात ती कमी-जास्त पातळ करायची, आणि एका नळीत गडद करडा, दुसरीत मध्यम, तिसरीत फिकट असं भरत जायचं. हे सगळं इंजेक्शनच्या सुयांनी चालतं. मेडिकलवाल्याकडून सुया आणताना शेजारच्या हंसाबेननी बघितलं आणि दुपारी माझ्याकडं येऊन हळू आवाजात विचारलं, "भाभी, भाईने डायाबिटीज थयो छे के शुं?" मी त्यांना ओट्यावरच्या बाटल्या दाखवल्या. त्या आणखीच काळजीत पडल्या. माझ्या कोकमाच्या आगळाची बाटली आणि यांच्या गडद करड्याची बाटली एकदा एकाच फळीवर आल्या होत्या, पण त्या सोलकढीची गोष्ट इथं नको.

कार्बन म्हणजे शेवटी काजळीच. काजळ डोळ्यात काळंभोर दिसतं, पण गालावर पुसटून बघा, तपकिरी निघतं. काळी शाई पातळ केली की तिच्यातला तो तपकिरी उघडा पडतो. म्हणून शेवटच्या नळीत हे थोडी निळसर शाई भरतात. तपकिरीला ती हळूच मागं ओढते. किती ओढायचं, हीच सगळी कला. कमी पडली तर फोटो जुन्या वर्तमानपत्रासारखा, जास्त झाली तर थंडीनं गारठल्यासारखा. कोणत्या नळीनं कुठं किती शाई सोडायची, ते सांगायला एक वेगळं सॉफ्टवेअर आहे. त्यात पडद्यावर प्रत्येक शाईची एक वळणदार रेघ असते, ती माउसनं वर-खाली ओढायची. मग पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पायऱ्यांची एक पट्टी छापायची, वाळू द्यायची, बघायची, पुन्हा रेघ ओढायची. पट्टी किती गडद झाली ते स्कॅनर सांगतो. ती कुठल्या रंगाकडं झुकलीय, ते मात्र हे स्वतःच बघत. पट्टीवर भिंग टेकवायचं, डावा डोळा घट्ट मिटायचा आणि उजवा भिंगाला लावायचा. "आपला डोळा आहे हा," म्हणायचे. "मशीन नाही."

त्या वर्षी यांनी माझा एक जुना फोटो छापायला घेतला होता. आम्ही इथं आलो त्याच वर्षीचा. दमणगंगेच्या पुलावर मी उभी आहे, बंद छत्री काखेत, केस वाऱ्यानं तोंडावर आलेले, आणि मी कॅमेऱ्याकडं न बघता वैतागून नदीकडं बघतेय. कारण हे अर्धा तास उजेडाची वाट बघत होते आणि मला भूक लागली होती. कॅमेऱ्यात काळ्या-पांढऱ्याचा रोल होता. त्याची निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यात टिकून राहिली. दिवाळीच्या आसपास आमच्या लग्नाचा वाढदिवस असतो. तोवर हा फोटो नीट छापून भिंतीवर लावायचा, असं यांनी ठरवलं होतं. मला ते मनापासून आवडलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुणी आपल्या वैतागलेल्या तोंडासाठी शाई घोटत बसतं, हे सुख लहान नाही.

पहिला प्रिंट आला तो छान होता. यांनी भिंगातून बघितलं आणि मान हलवली. "अजून ब्राऊन आहे." दुसरा आला. "ब्राऊन." निळ्या शाईची रेघ पडद्यावर थोडी वर गेली. पुढच्या आठवड्यात आणखी वर गेली. नवरात्र बसलं तोवर पुलावरची मी चांगलीच गार पडले होते. माझ्या गालांवर, छत्रीवर, नदीच्या पाण्यावर निळसर झाक. फ्रिजवर चिकटवलेल्या पट्ट्या नीलकंठाच्या पिसांसारख्या दिसत होत्या, आणि हे प्रत्येक पट्टीवर भिंग ठेवून म्हणत होते, "जमून राहिलं आता. जरासाच कमी आहे."

मी एकदा म्हटलं, "अहो, मला हा निळा वाटतो."

हे हसले. "ट्यूबखाली पाहून राहिली तू. उन्हात पाहा."

मी उन्हात नेला. उन्हात तर तो आणखी निळा होता. पण आमच्या घरची रीत मी सांगितलीच आहे. रंगाचा शेवटचा शब्द यांचा. ज्या माणसानं आयुष्यभर हजारो शेड पास केल्या, तो म्हणतो निळा नाही, तर नसणार. मग बिघाड कुणाच्या डोळ्यात? अर्थातच माझ्या. पन्नाशी जवळ आली, शाळेत दिवसभर खडूची धूळ, बहुतेक आपलीच नजर गेली, असं मी मनाशी ठरवलं आणि यांना न सांगता आमलीत जाऊन डोळे तपासून आले. नंबर थोडा बदलला होता. नवा चष्मा आला. तो लावून मोठ्या आशेनं फ्रिजपुढं उभी राहिले. पट्ट्या जास्त स्पष्ट झाल्या होत्या आणि जास्त निळ्या.

आता हसू येतं. जगात कुठल्या बाईनं नवऱ्याच्या चुकीसाठी स्वतःचा चष्मा बदलला असेल? आमच्याच घरात हे होऊ शकतं.

त्या दिवसांत हे घरी गप्प गप्प असायचे. मला वाटलं, नवरात्रात कॉलनीत गरब्याचे भोंगे वाजतात, झोप होत नसेल. मग एका संध्याकाळी बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाले, "लॉट वापस आला." गडद करड्या धाग्याचा मोठा लॉट. लॅबमधल्या मशीननं तो नको म्हटलं होतं. यांनी आपल्या डोळ्यानं बघून पास केला होता, मशीनचा दिवा जुना झालाय असं सांगून. गिऱ्हाईकानं तो निळा आहे म्हणून परत पाठवला. यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. साहेब काही वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की पुढच्या महिन्यापासून भामरेभाई स्टोअरला बसतील का, तिथं आरामाचं काम आहे.

"आरामाचं काम," हे पुन्हा म्हणाले आणि नाडी हातात धरून बसून राहिले.

तेव्हा मला कळलं, की हे इतके दिवस माझा फोटो छापत नव्हतेच. आपला डोळा शाबूत आहे का, ते रोज तपासत होते. आणि तो डोळा त्यांना रोज खोटं सांगत होता. मला ते निळं दिसत होतं आणि तरी बोलायचा धीर होत नव्हता. लॉट परत आला त्याच संध्याकाळी घरच्या माणसानंही नापास करायचं? मी चहा ठेवला. यांनी कपाकडं न बघताच तो घेतला.

सिल्वासात राहून मी एक शिकले. इथं पूर्ण एका बाजूचं कुणी नाही. भाजीवाली वारली जमातीची, दूधवाला गुजराती, वरच्या मजल्यावर धुळ्याचे, खाली बिहारचे. बोलताना वाक्य एका भाषेत सुरू होतं आणि दुसऱ्या भाषेत संपतं. आपण कुणाकडं किती झुकलोय, ते आपल्याला कळत नाही. गावी गेलो की दुसरे सांगतात. मी कुडाळला "चालेल"ऐवजी "चालशे" म्हटलं की बहीण हसून लोटपोट होते. आपला झुकाव दुसऱ्याच्या डोळ्यालाच दिसतो. आमच्या घरात तो सांगायचं काम शेवटी हंसाबेननी केलं.

दसऱ्याच्या सकाळी त्या रिवाजाप्रमाणं फाफडा-जिलेबी घेऊन आल्या. ताजा प्रिंट टेबलावर वाळत होता. सगळ्यात निळा तोच. हे समोरच बसले होते. हंसाबेननी जिलेबीचा पुडा ठेवला आणि दोन्ही हात गालांना लावून म्हणाल्या, "अरे वाह! आ ब्लू कलरमां फोटो बहु मस्त लागे छे, हों! भाई, मारो पण काढी आपजो ने. पण मने पिंक जोईए."

हे म्हणाले, "ब्लू? कुठं ब्लू?"

हंसाबेन माझ्याकडं बघायला लागल्या. मी यांच्याकडं बघितलं. आता गप्प राहणं म्हणजे त्यांना एकटं सोडणं होतं. म्हटलं, "निळाच आहे हो. पहिल्यापासून आहे. मी डोळे तपासून आले, चष्मा बदलला. तरी निळाच."

हंसाबेनना काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी झालंय एवढं कळलं. त्या जिलेबी खायचा आग्रह करून हळूच गेल्या. यांनी भिंग घेतलं. नेहमीसारखा डावा डोळा मिटला, उजवा लावला. "नाही," म्हणाले. "मला नाही दिसून राहिला."

त्या क्षणी मला काय सुचलं असेल, तर वर्गातलं सुचलं. आम्ही पोरांना वस्तूचं माप घ्यायला शिकवतो, हात लांब करून पेन्सिल उभी धरायची आणि एक डोळा मिटायचा. पोरं नेहमी एकच डोळा मिटतात. मी म्हणत राहते, आता दुसरा मिटा, पेन्सिल सरकली की नाही? मी यांना म्हटलं, "आता दुसरा मिटा."

यांनी उजवा मिटला. डावा भिंगाला लावला. मग भिंग बाजूला ठेवून नुसत्याच डोळ्यांनी बघितलं, एकदा या, एकदा त्या. मग स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या टाइलकडं बघितलं. मग दाराबाहेरच्या आभाळाकडं.

"उजव्यानं सगळं चहा सांडल्यासारखं आहे," म्हणाले. "आणि मी त्याच्यावर निळं ओतून राहिलो."

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, असं आपण दुसऱ्याला टोमणा मारायला म्हणतो. त्या दिवशी त्या म्हणीतला माणूस माझ्यासमोर बसला होता आणि मला टोमणा नाही, रडू आलं. हे मात्र रडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. रंग गेला तर भामरेभाईचं काय उरतं, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण जिलेबीकडं बघताना एक डोळा मिटून बघितलं, त्यात तो होताच.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती. यंत्रातून बघून म्हणाली, "मोतिया है अंकल. राइट में पक गया है, लेफ्ट में अभी शुरुआत है. ऑपरेशन कर लेंगे, टेन्शन मत लीजिए."

एरवी आजाराचं नाव ऐकून माणसं घाबरतात. मला इतकं हलकं वाटलं, की मी त्या मुलीचा हात धरला. मोतीबिंदू! चाळीत, वाडीत, गावागावांत म्हातारी माणसं काढून घेतात तो साधा मोतीबिंदू. पण हे खुर्चीच्या कडेवर पुढं सरकून बसले होते. म्हणाले, "मॅडम, मैं शेड देखता हूँ. मेरा ग्रे वापस आएगा क्या?"

तिला असं कुणी विचारलं नसावं. तिनं पेन खाली ठेवलं आणि नीट विचार करून सांगितलं, "ग्रे का तो पता नहीं, अंकल. पर नीला ज़रूर वापस आएगा. शुरू में शायद थोड़ा ज़्यादा ही."

त्या उत्तराबद्दल मी तिची अजून आभारी आहे. तिनं खोटी हमी दिली नाही, आणि यांना कळेल अशा भाषेत सांगितलं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. हे आधी डॉक्टरच्या कोटाकडं बघून म्हणाले, "इतका सफेद?" मग खिडकीकडं बघितलं. बाहेर ऑक्टोबरचं स्वच्छ आभाळ होतं, जे एरवी कुणी मान वर करून बघत नाही. हे बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. मी मनात तयार झाले. शेजारपाजारच्या सगळ्या बायकांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की ऑपरेशननंतर नवऱ्यांना सुरकुत्या दिसायला लागतात.

"तुझे केस," हे म्हणाले.

"काय झालं केसांना?"

"किती करडे झाले." जवळ येऊन त्यांनी बघितलं, दोन्ही डोळ्यांनी, कारखान्यात बघतात तसं. "एकदम न्यूट्रल. कुठंच झुकून नाही राहिले."

नर्स हसायला लागली. लग्नापासून या माणसानं माझं कौतुक फारसं केलेलं नाही, पण हे एक मला पुरणार आहे. मी केस रंगवायचा विचार त्या दिवशी कायमचा सोडला.

डोळ्यात थेंब घालायच्या वेळा कमी झाल्या तसे हे पुन्हा प्रिंटरपुढं बसले. फ्रिजवरच्या पट्ट्यांकडं बघून आधी मनसोक्त हसले. "काय करून ठेवलं तुझं," म्हणाले. निळ्या शाईची रेघ पडद्यावर खाली खाली आली. पट्ट्या छापल्या, वाळल्या. आणि पहिल्यांदाच पट्टी माझ्या हातात देऊन यांनी विचारलं, "तू सांग. कसा दिसून राहिला?" मी म्हटलं, किंचित थंड आहे. यांनी वाद घातला नाही. रेघ केसभर खाली ओढली.

शेवटचा प्रिंट आला तेव्हा आम्ही दोघं तो घेऊन घरभर फिरलो. गॅलरीत उन्हात, स्वयंपाकघरात ट्यूबखाली, देवघरात पिवळ्या बल्बखाली. तिन्ही उजेडांत पुलावरची ती वैतागलेली मुलगी तीच राहिली. गाल करडे, नदी करडी, छत्री काळी. कपाळावर एका बटेची बारीक सावली होती. हे म्हणाले, ऑपरेशनआधी ती त्यांना शाईचा डाग वाटत होती. दिवाळीत, लग्नाच्या वाढदिवसाला तो फोटो भिंतीवर लागला. अजून तिथंच आहे.

कारखान्यात हे स्वतः जाऊन साहेबांना सगळं सांगून आले, मोतीबिंदूसकट. साहेबांनी रिपोर्ट बघितला, पेटीतला दिवा लावला आणि दोन धागे समोर ठेवले. स्टोअरचं पुन्हा नाव निघालं नाही. आता तिथं करड्या रंगाचा प्रत्येक लॉट दोन माणसं बघतात. हा नियम यांनीच सुचवला. आमच्या घरातही आता तोच आहे. चहाचा रंग सोडून. तो अजून एकटेच बघतात.

यंदा दिवाळीआधी शाळेत आकाशकंदील करायचेत. म्हणून आज दुपारी मी पलंगावर जिलेटीनचे कागद पसरून कापत बसले होते. हे बाहेर पट्ट्या छापत होते, प्रिंटरचा तो ओळखीचा करकर आवाज येत होता. दोरा शोधायला कपाट उघडलं, तर साड्यांच्या खाली ठेवलेला तो प्रिंट हाताला लागला. दसऱ्याचा, सगळ्यात निळा. बाकीचे निळे प्रिंट हे फाडून टाकत होते, तेव्हा एवढा मी लपवून ठेवला होता. का, ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

प्रिंट कपाटाला टेकवून ठेवला. माझ्या हातात फिकट पिवळ्या जिलेटीनचा तुकडा होता. सहज म्हणून तो डोळ्यांपुढं धरला. आधी सगळी खोलीच पिवळी झाली. भिंत, चादर, खिडकी. मग थोड्या वेळानं नजर सरावली, भिंत पुन्हा भिंत वाटायला लागली आणि मी फोटोकडं बघितलं.

निळा कुठंच नव्हता. गाल करडे होते. नदी करडी होती. छत्री काळी होती. बाहेरच्या खोलीत भिंतीवर टांगलाय तसाच्या तसा फोटो, कुठंच न झुकलेला.

म्हणजे त्या वर्षी भिंगातून यांना मी कधीच निळी दिसले नव्हते. उतरत्या डोळ्यानं, पिवळ्या पडलेल्या जगात, हा माणूस मला थेंबाथेंबानं नीट करत होता, आणि शेवटी त्यानं ते केलंही होतं. फक्त त्याच्या डोळ्यापुरतं. मी तो कागद खाली घेतला नाही. बराच वेळ यांच्या त्या जुन्या, गढूळ डोळ्यानं स्वतःकडं बघत राहिले. हा हंगाम दरवर्षी परत येतो, याबद्दल मी कुणाचे आभार मानू ते मला कळेना.

बाहेर प्रिंटर थांबला. हे हाक मारायच्या आत मी फोटोला मोठ्यानं म्हटलं, "पास."